असोल्या नारळाचं बोलावणं

"बोलावल्याशिवाय यायचं नाही," असं अप्पा म्हणाले, तेव्हा त्यांचा आवाजही चढला नव्हता. हातातल्या अडकित्त्याने सुपारीचं खांड कापावं तसं वाक्य कापून त्यांनी कल्पितासमोर ठेवलं आणि पुढची सुपारी घेतली.

महादेवअप्पा म्हणजे चौलचे निवृत्त हेडमास्तर. सुपारी-नारळाची वाडी वडिलोपार्जित, शिस्त स्वतःची. बायको लवकर गेली. विधवा बहीण गोदू घरात होती, तिनेच कल्पिताला वाढवलं. एकुलती एक, अभ्यासात हुशार अशी ही पोर इंजिनिअर झाली, कॉलेजात शिकवायला लागली आणि एक दिवस उठून म्हणाली, मला प्रणयशी लग्न करायचंय. प्रणय उरणकडचा. आजा मिठागरात राबला, बापाने ट्रक घेतला, याने न्हावा शेवाच्या कंटेनरसाठी ट्रेलर घेतले. अप्पांनी जात काढली नाही, पैसाही काढला नाही. शिकलेल्या माणसाला ते बरं दिसत नाही. ते एवढंच म्हणाले, की या घरातली मुलगी या घरातून पाठवली जाते, आपली आपण जात नाही. कल्पिताने अलिबागच्या कचेरीत सह्या करून लग्न केलं. म्हणजे अप्पांच्या भाषेत, ती आपली आपण गेली.

सासर मात्र तिला मायेचं मिळालं. उलव्याच्या सोसायटीत फ्लॅट, सासू नीराबाई हौशी आणि तोंडाची सैल, नवरा थट्टेखोर. कशाची म्हणून कमी नव्हती. फक्त चौलहून एक बोलावणं यायचं राहिलं होतं आणि त्या एका गोष्टीची वाट ती रोज पाहत होती. दुधाचं पातेलं उतरवताना फोन वाजला तरी तिचा हात थबकायचा. नीराबाईंना ते कळे. त्या म्हणायच्या, "येल गं फोन. बाप हाय तो, दगूड न्हाय."

लग्नानंतर तिने पीएच.डी.ला नाव घातलं. विषय असा, की हळदीकुंकवाला कुणी विचारलं तर सांगताना दमछाक व्हावी. पण तिने तो नीराबाईंनासुद्धा समजावून दिला होता. एक यंत्र दुसऱ्या यंत्राला माहिती पाठवतं. घेणाऱ्याकडे ठेवायला जागा मोजकीच. म्हणून घेणारा सारखा कळवत राहतो, आता इतकी जागा आहे, इतकंच पाठव. जागा भरली की कळवतो, शून्य. मग पाठवणाऱ्याने थांबायचं. जागा मोकळी झाली की घेणारा पुन्हा कळवतो, आता पाठव. झालं, एवढाच नियम. साधा, सभ्य आणि दोघांच्याही सोयीचा.

"आणि ते 'आता पाठव' वाटेतच हरवलं तर?" कल्पिता विचारायची. तिचा सगळा प्रबंध या एका प्रश्नावर उभा होता.

ती असं काही सांगायला लागली की प्रणय जेवता जेवता हसायचा. म्हणायचा, हे तर आमच्या गेटवरचं झालं. मग त्याने सांगितलेला किस्सा असा. एका खासगी यार्डाने फोन केला, आत जागा नाही, गाड्या रोखा. ट्रेलर रस्त्याच्या कडेला ओळीने उभे राहिले. दुपारपर्यंत यार्ड रिकामं झालं. पण 'सोडा' हा फोन ज्याने करायचा, त्याला वाटलं दुसऱ्याने केला. आत यार्डवाले ट्रकवाल्यांच्या नावाने खडे फोडतायत, की हे गाड्या का आणत नाहीत. बाहेर ड्रायव्हर ट्रेलरखाली स्टोव्ह पेटवून भात शिजवतायत आणि यार्डाला शिव्या देतायत. संध्याकाळी एक ड्रायव्हर लघवीला म्हणून भिंतीपलीकडे गेला, तेव्हा त्याला आतलं मोकळं मैदान दिसलं.

हा किस्सा कल्पिताने लघवी वगळून प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात घातला.

तिचं काम म्हणजे गोल आणि बाण. एक गोल म्हणजे दोन्ही बाजू या घडीला कुठे आहेत त्याचं चित्र, एक बाण म्हणजे त्यातून पुढे पडू शकणारं एक पाऊल. असे सगळे गोल आणि सगळे बाण संगणकाला मांडायला लावायचे. जे घडू शकतं ते सगळं घडवून बघायचं, अगदी कधीच घडणार नाही असं वाटणारंसुद्धा. मग शोधायचं, ज्यातून एकही बाण बाहेर जात नाही असा गोल आहे का. तो तिला सापडला. पाठवणारा बोलावण्याची वाट पाहतोय. घेणारा बोलावून बसलाय आणि माल यायची वाट पाहतोय. दोघंही नियमाने वागलेत आणि दोघंही कायमचे अडकलेत.

दरवर्षी वर्गात हे शिकवताना एखादी मुलगी विचारायचीच, "मॅडम, मग चूक कोणाची?"

"कोणाचीच नाही. हीच तर गंमत आहे," असं कल्पिता फळ्याकडे वळता वळता सांगायची.

उपायही प्रबंधात होता, तो मुळात इतरांनी शोधलेला, तिने फक्त पडताळून सिद्ध केला. पाठवणाऱ्याने गप्प बसून राहायचं नाही. शून्य कळवलेलं असलं तरी अधूनमधून एक कणभर काहीतरी पाठवून विचारायचं, जागा झाली का? उत्तर 'नाही' आलं तर पुन्हा थांबायचं, पुन्हा विचारायचं. एवढं केलं की तो बिनबाणाचा गोल उरत नाही. यावरून प्रणयने एकदा तिला ऐकवलंही. म्हणाला, "मॅडम, मशीनला एवढं शिकवता, आन् स्वतः बापाला एक मिस्ड कॉल देत न्हाय."

तिने एकदा दिलाही होता, तो मिस्ड कॉल नव्हे पण तसलंच काहीतरी. कॉलेजची सहल काशीदला निघाली. बस चौलच्या नाक्यावर चहाला थांबली. तिथून वाडी चालत जाण्याइतकी जवळ. मुली उतरल्या, कल्पिता खिडकीशी बसून राहिली. समोरच्या किराणा दुकानातून अप्पा पिशवी घेऊन बाहेर आले. त्यांनी बसवरचं कॉलेजचं नाव वाचलं. मान वर करून खिडक्या एकेक करून पाहिल्या. तिची खिडकी येण्याआधी तिने ओढणी डोक्यावर घेऊन मान खाली घातली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. आपण बोलावल्याशिवाय आलो असं त्यांना वाटू नये, एवढंच त्या वेळी मनात आलं. मान वर केली तेव्हा ते वळणावरून दिसेनासे झाले होते.

प्रबंध पुरा झाला. तोंडी परीक्षेला बाहेरगावाहून आलेले परीक्षक म्हातारे आणि किरकोळ अंगाचे होते. त्यांनी सगळी सिद्धता सोडून सुरुवातीच्या गृहीतकांच्या पानावर बोट ठेवलं. शेवटचं गृहीतक होतं, प्रत्येक संदेशाचा अर्थ दोन्ही बाजूंना आधीपासून ठाऊक आहे.

"हे कशावरून?" त्यांनी विचारलं.

कल्पिता हसून म्हणाली, "सर, तेवढं तरी धरून चालायलाच हवं. नाहीतर बोलायचं कसं?"

तेही हसले. पदवी मिळाली. रायगडच्या एका वर्तमानपत्रात आतल्या पानावर तिचा फोटो आला, खाली 'चौलची सुकन्या' असं छापलेलं. ते वाचून तिला वाटलं, आता तरी फोन येईल. फोन आला नाही.

त्या वर्षी मार्गशीर्षात वॉचमनने एक नारळ आणून दिला. सोललेला नव्हे, असोला, वरचं हिरवं सोडण सगळं तसंच. कोण ठेवून गेलं विचारलं, तर म्हणाला, एक टेम्पोवाला, बोलला काहीच नाही. यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. प्रणयचे ड्रायव्हर अलिबाग-मुरूडकडून कधी कलिंगडं आणायचे, कधी सुकी मासळी, वॉचमनपाशी टाकून पुढे जायचे. नीराबाई तर खूश झाल्या. मार्गशीर्षातले गुरुवार त्या न चुकता करायच्या. "देवीनंच धाडला बघ घटाला," म्हणाल्या आणि खालच्या ड्रायव्हरकडून कोयत्याने सोलून घेऊन त्यांनी तो कलशावर ठेवला. शुक्रवारी त्याच्या वड्या झाल्या. कल्पिताने दोन खाल्ल्या.

पुढच्या मार्गशीर्षात तसाच एक आला. त्या वेळी घरात नारळ होते, म्हणून तो सोसायटीच्या पूजेला दिला. तिसऱ्या वर्षी आला, तेव्हा नीराबाई गावी गेल्या होत्या आणि कल्पिता परीक्षेच्या पेपरांत बुडाली होती. तिने तो बाल्कनीत तुळशीच्या कुंडीमागे सरकवला आणि विसरून गेली. पावसाळ्यात त्याला कोंब फुटला. पुढे दोन पानं आली, तलवारीसारखी. प्रणय म्हणाला, राहू दे, इथंच वाडी करू तुझी.

त्यानंतरची दिवाळी होऊन गेली आणि गोदूआत्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं. ते पनवेलला व्हायचं होतं. शेजारची कुणी तिला घेऊन आली होती, तिनेच कल्पिताला फोन केला. कल्पिता धावत गेली आणि आत्याला हॉस्पिटलातून सरळ घरी घेऊन आली.

या इतक्या वर्षांत दोघी फोनवर बोलत नव्हत्या असं नाही. सणावाराला शेजारच्या फोनवरून आत्या बोलायची. तब्येत, पाऊस, सुपारीवरचा रोग, सगळं व्हायचं, फक्त अप्पांचं नाव निघायचं नाही. कल्पिताला वाटे, त्यांनी बोलावलं असतं तर आत्या बोललीच असती. आत्याला काय वाटत होतं, ते तिला घरी आणल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी सुटली. आत्या काळा चष्मा लावून घरभर हिंडली, नीराबाईंच्या हातचा चहा पिऊन 'गोड करतेस हो बाई' म्हणाली आणि बाल्कनीत गेली. तिथे ती बराच वेळ उभी राहिली. कल्पिता मागून गेली, तर आत्या तुळशीच्या कुंडीमागे वाकून पाहत होती.

"हा इथे काय करतोय?" आत्याने विचारलं.

कल्पिताने सांगितलं, कुणी ड्रायव्हरने आणलेला, राहून गेला.

आत्या तिच्याकडे बघत राहिली. काळ्या चष्म्यामुळे कशी बघतेय ते कळेना. मग ती खाली बाल्कनीच्या फरशीवरच बसली आणि म्हणाली, "अगं, हे तुझं बोलावणं."

मग तिने सांगितलं, तुटक तुटक, मध्येच चष्म्याखाली पदर नेत. अगं अगं, डोळ्यांना पाणी लावू नकोस म्हणून नीराबाई मागून ओरडत होत्या. चौलच्या त्या घराची एक रीत होती, आज्या-पणज्यांपासूनची. सासरी गेलेल्या मुलीला माहेरी बोलवायचं, तर निरोप धाडायचा नाही, चिठ्ठी द्यायची नाही. वाडीतला असोला नारळ पाठवायचा. नेणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. निरोपाने बोलावलं तर येणारी निरोप्याच्या शब्दावर येते, नारळाने बोलावलं तर घराच्या शब्दावर येते, असं म्हणत. सासरी तो सोलायचा नाही. मुलीने तोच नारळ परत घेऊन यायचं आणि उंबऱ्यावर ठेवायचा. घरातल्या मोठ्याने 'पोचला' म्हणायचं, अंगणात रोवलेल्या लोखंडी पारईवर तो सोलायचा आणि त्यानेच तिची ओटी भरायची.

"मला हे माहीत नाही," कल्पिता म्हणाली.

"माहीत कसं नाही? घरातल्या सगळ्या पोरींना..." आणि आत्या मध्येच थांबली. तोंडावर हात गेला. "पाठवणीच्या वेळी सांगतात गं ते. गाडीत बसवताना, कानात. मला माझ्या आईने सांगितलं होतं. तुझी पाठवणी..."



वर्तमानपत्रात फोटो आला, त्या मार्गशीर्षात पहिला नारळ गेला होता. अप्पांनी स्वतः नारळ पाडणाऱ्या पाडेल्याला झाड दाखवलं, स्वतः रामचंद्र टेम्पोवाल्याच्या हातात दिला. मग रोज अंगण झाडून पारईभोवतीचं गवत काढायचे. ती आली नाही. दुसरा धाडला. तिसरा धाडला. आत्याला वाटलं, पोर बापासारखीच ताठ, नारळ ठेवून घेते आणि येत नाही. मग फोनवर ते काढून जखम कशाला खाजवायची? म्हणून ती गप्प राहिली. कल्पिता आत्याच्या गप्प राहण्यावर विसंबून राहिली आणि आत्या कल्पिताच्या.

"आता काय उपयोग," आत्या म्हणाली. "वाडी विकतोय तो. मुंबईचा कोणी आहे, बंगला बांधणार. शब्द दिलाय, शुक्रवारी कागद आहेत. म्हणाला, जिच्यासाठी राखायची तिला नारळ नको, तर वाडी काय करू?"

तो बुधवार होता.

गुरुवारी सकाळीच प्रणयने गाडी काढली. कल्पिताने कोंबाचा नारळ मांडीवर घेतला होता, पानं खिडकीला लागत होती. चौलच्या नाक्यावर त्याने गाडी कडेला घेतली.

"तू जा. मी हितंच थांबतो," तो म्हणाला. "मला कुठं नारळ आला?"

वाडीच्या बेड्याच्या फाटकापाशी चुन्याच्या खुणा केलेले खुंट मारलेले दिसले. काही माडांच्या बुंध्यांवर लाल रंगाचे पट्टे होते, तोडायचे कोणते त्याचे. अप्पा पडवीत अडकित्ता घेऊन बसले होते. खूप वाळले होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग नारळाकडे, आणि हातातली सुपारी पुरी कापली.

कल्पिताने नारळ उंबऱ्यावर ठेवला. ती 'पोचला' या एका शब्दाची वाट पाहत उभी राहिली.

"तीन पाठवले," अप्पा म्हणाले.

ती सांगायला लागली. घट, वड्या, सोसायटीची पूजा, सगळं. ऐकताना अप्पांचा चेहरा हलला नाही. वर्गात एखादा मुलगा गृहपाठ न करण्याचं कारण सांगत असताना ते असेच ऐकायचे.

"या घरातल्या मुलीला नारळ माहीत नाही?"

"पाठवणीत सांगतात ते, अप्पा. माझी पाठवणी तुम्ही केली नाहीत."

अडकित्ता थांबला. ते म्हणाले, "मग विचारायचंस. येऊन विचारायचंस."

"तुम्ही म्हणाला होतात, बोलावल्याशिवाय यायचं नाही."

"म्हटलं होतं. मग बोलावलंही मीच ना? तीनदा बोलावलं. आणखी काय करायला हवं होतं मी?" या वेळी मात्र त्यांचा आवाज फाटला. "सांग. तू एवढी शिकलीस. पेपरात आलं होतं, याच कशाचा तरी अभ्यास केलास म्हणून. चूक कुणाची होती?"

फळ्याकडे वळता वळता वर्षानुवर्षं दिलेलं उत्तर तिला ठाऊक होतं. ते तिच्या तोंडून निघेना.

तिने शुक्रवारच्या कागदांचं विचारलं. म्हणाली, थांबवा, अजून सही झालेली नाही. अप्पांनी नकारार्थी मान हलवली. त्या माणसाला शब्द दिलाय, म्हणाले. तोही शब्दच आहे. एक शब्द पाळायचा म्हणून मी तुला इतकी वर्षं तोडली, आता दुसरा मोडला तर तो पहिला कशासाठी पाळला?

अंगणात पारई अजून रोवलेली होती, तिच्याभोवती गवत गुडघाभर वाढलं होतं.

अप्पा उठले. उंबऱ्यापाशी आले, वाकले, दोन्ही हातांनी नारळ उचलला. तिला वाटलं, आता म्हणतील. त्यांनी कोंबावरून बोट फिरवलं, बुडाला सोडणातून बाहेर आलेल्या पांढऱ्या मुळ्या चाचपल्या.

"कोंब आलेला नारळ सोलत नाहीत," ते म्हणाले.

"लावतात," ती म्हणाली.

"लावतात." त्यांनी वाडीकडे पाहिलं. "पण आता त्या माणसाला विचारून लावावा लागेल."

आणि त्यांनी नारळ परत तिच्या हातांत दिला. द्यायची पद्धत मात्र त्यांनी सोडली नाही. दोन्ही हातांनी दिला आणि ती नीट धरेपर्यंत सोडला नाही. मग पडवीत जाऊन बसले. ती बेड्यापर्यंत पोचली, तेव्हा मागून अडकित्त्याचा आवाज पुन्हा सुरू झाला होता.

प्रणयने तिला येताना पाहिलं, तिच्या हातातला नारळ पाहिला आणि आतून दार उघडून दिलं. तिने तो पुन्हा मांडीवर घेतला. एक पान दारात अडकत होतं, ते तिने हाताने आत ओढून घेतलं.